कर्बोदकांची अनावर ओढ

कर्बोदकांची अनावर ओढ म्हणजे शरीराला ऊर्जेची निकड नसतानाही गोड किंवा पिष्टमय पदार्थ खाण्याची होणारी तीव्र इच्छा. भूक कोणत्याही अन्नाने शमते. ही ओढ मात्र ठरावीक पदार्थांचीच असते. ती वारंवार निर्माण झाल्यास गरजेपेक्षा अधिक उष्मांक पोटात जातात आणि लठ्ठपणाचा धोका वाढतो. मेंदूतील रसायनांशी असलेल्या तिच्या संबंधामुळे तिला केवळ मनोनिग्रहाचा अभाव मानणे योग्य ठरत नाही.

सेरोटोनिनची भूमिका

मनःस्थिती, झोप व तृप्तीची जाणीव यांच्या नियमनात सेरोटोनिन या रसायनाचा वाटा असतो. मेंदूत ते ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून तयार होते. ट्रिप्टोफॅन प्रथिनांतून मिळते; तरीही प्रथिनयुक्त जेवणानंतर मेंदूतील त्याचे प्रमाण सहसा वाढत नाही. ल्युसिन, व्हॅलिन, टायरोसिन इत्यादी अमिनो आम्ले त्याच वाहकांद्वारे मेंदूत प्रवेश करतात आणि या स्पर्धेत संख्येने अल्प असलेले ट्रिप्टोफॅन मागे पडते. कर्बोदके खाल्ल्यावर इन्शुलिन स्रवते व ही स्पर्धक आम्ले स्नायूंमध्ये शोषली जातात. ट्रिप्टोफॅनचा बराचसा भाग रक्तातील अल्ब्युमिनशी बांधलेला असल्याने त्याची पातळी फारशी घटत नाही. परिणामी त्याचा मेंदूतील प्रवेश सुकर होतो. जॉन फर्नस्ट्रॉम व रिचर्ड वुर्टमन यांनी १९७१ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून हा परिणाम दाखवून दिला. खिन्नता दूर करण्यासाठी काही व्यक्ती नकळत कर्बोदकांचा आधार घेत असाव्यात, असे मत रिचर्ड व ज्युडिथ वुर्टमन यांनी पुढे मांडले.

मर्यादा व अन्य घटक

हे मत सर्वमान्य नाही. आहारात थोडी प्रथिने असली तरी वरील परिणाम क्षीण होतो. गव्हातच सुमारे १० ते १२ टक्के प्रथिने असतात. त्यामुळे वरण-पोळीच्या जेवणात तो दिसण्याची शक्यता कमी असते. शिवाय चॉकलेट, आइस्क्रीम यांसारख्या हव्याहव्याशा पदार्थांत साखरेबरोबर स्निग्धांशही भरपूर असतो. अशा पदार्थांची ओढ डोपामिनवर चालणाऱ्या मेंदूतील पारितोषिक यंत्रणेशी जोडली जाते. मेदपेशींतून स्रवणारे लेप्टिन (शोध १९९४) हे संप्रेरकही मेंदूला शरीरातील मेदसाठ्याची सूचना देते. बहुतेक लठ्ठ व्यक्तींमध्ये ते मुबलक असूनही त्याचा प्रभाव अपुरा पडतो.

औषधोपचार

सेरोटोनिनचा प्रभाव वाढवून भूक कमी करणाऱ्या डेक्सफेनफ्ल्युरामिन या औषधाला अमेरिकेत १९९६ मध्ये मान्यता मिळाली. हृदयाच्या झडपांना इजा होत असल्याचे आढळल्याने १९९७ मध्ये ते बाजारातून काढून घेण्यात आले. एकच रसायन शरीरात अनेक ठिकाणी कार्य करत असल्याने केवळ भुकेवर परिणाम करणारे औषध शोधणे कठीण असते, हे या अनुभवातून स्पष्ट झाले.