सुईची धास्ती सोडवायची कशी?

‘‘एवढीशी तर सुई! मुंगी चावल्यासारखं वाटेल, बस्स!’’ हे वाक्य आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेलं असतं आणि पुढे आपल्या मुलांनाही ऐकवलेलं असतं. पण मैत्रिणींनो, ते ऐकून कुणाची भीती कधी गेली आहे का? दोन-दोन बाळंतपणं निभावलेली, पाहुण्यांनी भरलेलं घर एकहाती सांभाळणारी बाई लॅबच्या खुर्चीत बसली, दंडाला रबरी पट्टा बांधला गेला, की पांढरीफटक पडते. घरची मंडळी हसतात. ‘‘नाटकं नुसती!’’ असंही कुणी म्हणून जातं. मग ती बाई भीती लपवायला शिकते. डॉक्टरांनी लिहून दिलेली तपासणीची चिठ्ठी पर्सच्या आतल्या कप्प्यात जाते आणि तिथेच राहते. ‘मुलांच्या परीक्षा होऊ देत,’ ‘सण आटोपू देत,’ अशी कारणं काय, हवी तेवढी सापडतात!

ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट मुळीच नाही. 2019 ते 21 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी 57 टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं. आपल्या महाराष्ट्रातही हा आकडा 54 टक्क्यांच्या वर होता. म्हणजे दोघींमागे एक! पंडुरोग, मधुमेह, थायरॉइडचे विकार हे सारे चोरपावलांनी येतात. रक्त तपासल्याखेरीज त्यांचा नक्की पत्ता लागत नाही.

आमच्या जाऊबाईंचंच उदाहरण घ्या. जिना चढताना धाप लागायची, केस गळायचे, संध्याकाळी अंगात त्राण म्हणून उरायचं नाही. ‘‘वय झालं आता,’’ म्हणून त्या दीड वर्ष तपासणी टाळत राहिल्या. वय अवघं एक्केचाळीस! खरं कारण होतं सुईची भीती. अखेर तपासणी झाली तेव्हा हिमोग्लोबिन निघालं 7. गरोदर नसलेल्या स्त्रीला ते निदान 12 हवं. पाळीच्या वेळी होणारा अतिरक्तस्राव हे त्यामागचं कारणही डॉक्टरांनी तेव्हाच शोधून काढलं. औषधं आणि लोहाच्या गोळ्या यांवर त्या काही महिन्यांत सावरल्या. पण ते दीड वर्ष मात्र फुकट गेलं.

ही भीती येते कुठून?

काही अंशी ती वारशानं येते. रक्त पाहून भोवळ येणाऱ्यांच्या घरात बहुधा आणखी एखादी तरी व्यक्ती तशीच असते. आपल्या माहेरी जरा चौकशी करून पाहा; एखादे काका, एखादी आत्या नक्की सापडेल!

काही अंशी ती जुन्या आठवणींतून आणि ऐकीव गोष्टींतून येते. आपल्या आई-आजीच्या काळी दवाखान्यात स्टीलच्या डब्यात काचेची सिरिंज आणि सुया उकळत असायच्या. त्याच सुया पुनःपुन्हा वापरल्यानं बोथट व्हायच्या आणि दुखायचंही खरोखरच. ‘कुत्रं चावलं की पोटात चौदा इंजेक्शनं’ ही धमकी तर प्रत्येक वाड्यात ऐकू यायची. आता सुई एकदाच वापरून टाकून द्यायची असते. ती पूर्वीपेक्षा बारीक असते आणि तिचं सीलबंद पाकीट आपल्यासमोर फोडलं जातं. पोटातल्या इंजेक्शनांची ती जुनी लस आपल्या देशात 2004 सालीच बंद झाली. श्वानदंशावरची हल्लीची लस हातावर देतात, तीही मोजक्याच वेळा. काळ बदलला, पण मनातली सुई मात्र जुनीच राहिली!

घेरी का येते?

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. साप दिसला किंवा उंचावरून खाली पाहिलं, की छाती धडधडते आणि रक्तदाब वाढतो. अशा भीतीत माणूस सहसा बेशुद्ध पडत नाही. रक्ताच्या आणि सुईच्या भीतीत मात्र अनेकांचं उलट होतं. आधी क्षणभर छाती धडधडते आणि मग नाडी मंदावून रक्तदाब एकदम खाली येतो. मेंदूकडे जाणारं रक्त कमी पडतं. कानात गुणगुणल्यासारखं होतं, तोंडाला पाणी सुटतं, दरदरून घाम येतो, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि बाई कोसळते. यात नाटक कसलं? ही शरीराचीच क्रिया आहे.

म्हणूनच ‘‘अंग सैल सोड, शांत हो,’’ हा घरोघरी मिळणारा सल्ला घेरी येणाऱ्यांच्या बाबतीत उपयोगाचा नाही. दाब आधीच उतरत असतो. अंग ढिलं सोडलं की तो आणखी उतरण्याचा संभव. स्वीडनमधले मानसशास्त्रज्ञ लार्स-गोरान ओस्ट यांनी 1980 च्या दशकात यावर एक सोपा उपाय अभ्यासून दाखवला. तो घरी बसल्या बसल्या शिकता येतो:

1. खुर्चीत नीट बसा. दोन्ही हातांच्या मुठी, पाय आणि पोट यांचे स्नायू घट्ट आवळा. श्वास रोखू नका.
2. दहा-पंधरा सेकंद तसंच धरा. चेहऱ्यावर ऊब चढल्यासारखी वाटली म्हणजे जमलं.
3. आता स्नायू पूर्ववत करा. पण अगदी गळून जाऊ नका. वीस-तीस सेकंद थांबा.
4. असं पाच वेळा करा. आठवडाभर रोज दोन-तीनदा सराव ठेवा.

तपासणीच्या वेळी पाय, पोट आणि दुसरा हात आवळायचा. ज्या हातातून रक्त काढायचं तो सैल ठेवायचा. तेवढ्यासाठी घरी एक हात सैल ठेवूनही सराव करा. गर्भारपणी किंवा रक्तदाबाचा, हृदयाचा त्रास असेल तर हा व्यायाम आधी डॉक्टरांना विचारूनच करावा.

ज्यांना घेरी येत नाही, नुसतीच छाती धडधडते, हात थरथरतात, त्यांनी मात्र सावकाश श्वास घ्यावा आणि त्याहून सावकाश सोडावा. आपली जात कोणती, हे ज्याचं त्यानं ओळखायचं!

तपासणीच्या दिवशी

चिठ्ठी घेतानाच विचारा, ‘‘उपाशीपोटी यायचं का?’’ हिमोग्लोबिन किंवा तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी पोटात अन्न असतानाही होते. उगाच उपाशी राहून घेरीला आमंत्रण कशाला? उपास असला तरी साधं पाणी बहुतेक तपासण्यांना चालतं, आणि ते अवश्य प्यावं. त्यानं शीर लवकर सापडते. हात गार पडले असतील तर चोळून ऊब आणा.

लॅबमध्ये शिरताच सांगून टाका, ‘‘मला घेरी येते, मी आडवी होऊन रक्त देईन.’’ यात संकोच नको. पडलेला पेशंट उचलण्यापेक्षा निजलेल्या पेशंटचं रक्त काढणं त्यांनाही सोपं! हल्ली बऱ्याच गावांत लॅबचा माणूस घरी येतो. मग आपल्याच पलंगावर निजून रक्त देता येतं. शीर सापडत नसेल तर लहान मुलांना वापरतात ती बारीक सुई मागावी. फार दुखण्याची भीती असेल तर त्वचा बधिर करणारं मलम मिळतं. ते तासभर आधी लावावं लागतं, डॉक्टरांना विचारा. सुईकडे पाहू नका. टोचण्याच्या क्षणी हलकेच खोकलं तर दुखणं कमी जाणवतं, असाही अनुभव आहे.

आणि हो, ‘किती रक्त काढतात हो!’ ही तक्रार. एका नळीत मावतं दोन ते पाच मिलिलिटर, म्हणजे फार तर एक चहाचा चमचा! आपल्या अंगात चार-पाच लिटर रक्त असतं. रक्तदान करणारा माणूस तर एका वेळी 350 मिलिलिटर देऊन हसत घरी जातो.

रक्त काढून झाल्यावर कापसाचा बोळा दोन-तीन मिनिटं दाबून धरा. हात कोपरात दुमडू नका, नाहीतर काळंनिळं होतं. लगेच उठू नका. दहा मिनिटं बसून मगच निघा.

मुलांना वारसा नको

‘‘जेवला नाहीस तर डॉक्टरकाका सुई टोचतील हं!’’ ही धमकी आजपासून बंद करा. औषधालाच शिक्षा ठरवलं, तर मूल त्याला भिणार नाही तर काय? ‘‘अजिबात दुखणार नाही,’’ असंही खोटं सांगू नये. ‘‘थोडंसं दुखेल, तू दहा अंक मोजेपर्यंत संपेल,’’ असं सांगावं. तान्ह्या बाळाला लस देताना अंगावर पाजत ठेवलं तर त्याला कमी दुखतं. जागतिक आरोग्य संघटनेनंही 2015 मध्ये हीच शिफारस केली आहे. आमच्या शाळेत दहा आणि सोळा वर्षांच्या मुलांना घटसर्प-धनुर्वाताची लस देतात, त्या दिवशी भित्र्या मुलांना आम्ही रांगेत ताटकळत ठेवत नाही. त्यांचा नंबर आधी, बसून आणि इतरांच्या नजरेआड. एकीला भोवळ आली की पाहणाऱ्या चौघींना येते, हा शाळेतला नेहमीचाच अनुभव!

एवढं करूनही भीती हटत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यात कमीपणा मानू नका. ते पायरी-पायरीनं शिकवतात: आधी सुईचं चित्र पाहायचं, मग सुई नसलेली सिरिंज हातात घ्यायची, मग दुसऱ्याची तपासणी पाहायची आणि शेवटी आपली. ओस्ट यांच्या पद्धतीत साधारण पाच भेटी पुरतात.

तर मैत्रिणींनो, पर्सच्या आतल्या कप्प्यात एखादी चिठ्ठी राहिली असेल तर ती आजच बाहेर काढा. आठवडाभर मुठी आवळण्याचा सराव करा, सोबत बहिणीला किंवा शेजारणीला घ्या आणि पुढच्या आठवड्यातला एक वार ठरवून टाका. घरातल्या सगळ्यांची दुखणी आपण काढतो. आपल्यासाठी एक चमचा रक्त द्यायला काय हरकत आहे?