फुकट बातम्या आणि वर्तमानपत्राची किंमत

मोबाइलवर बातम्या फुकट मिळू लागल्या आणि लोकांनी वर्तमानपत्र विकत घेणे सोडले, असे सर्रास म्हटले जाते. यात अंकाचा सारा खर्च वाचकच भागवत होता असे धरलेले असते, आणि ते खरे नाही. कागद, छपाई, वाहतूक, विक्रेत्याचे कमिशन यांचा मोठा भार जाहिरातींनी उचलला होता. इंटरनेटने आधी तोडली ती ही रसद. वधू-वर, नोकरी, भाड्याची घरे यांच्या छोट्या जाहिराती संकेतस्थळांवर गेल्या आणि अंक स्वस्त ठेवण्याचा आधारच खचला.

मग अंकच फुकट वाटला तर? लंडनच्या 'इव्हनिंग स्टँडर्ड'ने ऑक्टोबर २००९ मध्ये नेमके हेच केले. खप अडीच लाखांच्या आसपास होता, तो लवकरच सहा लाखांवर गेला. पण कोविडनंतर घरून काम करणारे वाढले, भुयारी रेल्वेत वायफाय आले आणि २०२४ मध्ये ते दैनिकाचे साप्ताहिक झाले. वाचकाशी पैशाचा संबंध उरला नव्हता. जाहिरातदार हटल्यावर दुसरा आधार नव्हता. उलट 'न्यूयॉर्क टाइम्स'ने २०११ मध्ये संकेतस्थळावर शुल्क लावले. पुढच्याच वर्षी वाचकांकडून येणारे उत्पन्न जाहिरातींपेक्षा जास्त झाले, आणि २०२३ मध्ये वर्गणीदार एक कोटीवर गेले.

यावर आक्षेप येतो की, ते जगभर वाचले जाणारे इंग्रजी पत्र. मराठी वाचक किंमत वाढताच अंक बंद करतो. किंमत महत्त्वाची आहेच. पानांच्या संख्येनुसार किंमत ठरवण्याचा अधिकार सरकारला देणाऱ्या १९५६ च्या कायद्याला पुण्याच्या 'सकाळ'ने आव्हान दिले, तेव्हा किंमत वाढवायला लावली तर खप घटेल हाच मुद्दा होता. खपावरचा असा घाला हा अभिव्यक्तिस्वातंत्र्यावरचा घाला आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये मान्य केले. पण त्या वाचकासमोर दुसरे वर्तमानपत्र होते, तेही विकतच. आज व्हॉट्सअ‍ॅपवर येणारा मजकूर फुकट असला, तरी जिल्हा परिषदेच्या सभेला शेवटपर्यंत बसून कंत्राटाची फाइल तपासणारा वार्ताहर त्यामागे सहसा नसतो. त्या वार्ताहराचा पगार जाहिरातींतून निघेनासा झाला, तर तो वाचकाच्या वर्गणीतूनच निघायला हवा. किंमत दोन रुपयांनी वाढवण्याऐवजी जिल्ह्याची आवृत्ती बंद केली, तर त्या जिल्ह्याच्या वाचकाने अंक घ्यावा कशासाठी?