बिघडलेले ग्राफिक्स कार्ड: घ्यावे की सोडावे?

जुन्या ग्राफिक्स कार्डांच्या बाजारात चालू कार्डाच्या निम्म्या, कधी त्याहूनही कमी भावात बिघडलेली कार्डे मिळतात. एखाद्याचा पंखा अडकलेला असतो, एखादे स्क्रीनवर रंगीत ठिपके उमटवते, एखाद्याचा डिस्प्लेच येत नाही. विकणारा बहुधा ‘किरकोळ काम आहे’ एवढेच सांगतो. काम खरोखर किरकोळ असते तर ते करून त्याने कार्ड पूर्ण भावात विकले नसते का, ही शंका रास्त आहे. मात्र ती दरवेळी खरी ठरत नाही. हाताशी वेळ किंवा साधने नसलेला माणूस पंखा बदलण्याच्या कंटाळ्यानेही कार्ड मोडीच्या भावात काढून टाकतो. त्यामुळे व्यवहार फायद्याचा की तोट्याचा, हे बिघाड कोणता आहे यावर ठरते.

पंख्याचा दोष सर्वांत सोपा. पंखा वेगळा मिळतो आणि स्क्रू ड्रायव्हरने बदलता येतो. कार्ड तापून बंद पडत असेल तर वाळलेली थर्मल पेस्ट हेही कारण असू शकते. मेमरीवरचे थर्मल पॅड बदलताना मात्र जाडी तंतोतंत जुळावी लागते. एक मिलिमीटरच्या जागी दीड मिलिमीटरचा पॅड लावला, की हीट सिंक मुख्य चिपवर नीट टेकत नाही आणि कार्ड आधीपेक्षा जास्त तापते. एखादाच एचडीएमआय पोर्ट मेलेला असेल आणि डिस्प्ले पोर्ट चालत असेल, तर असे कार्ड बेलाशक घ्यावे, अर्थात भाव त्या मानाने उतरलेला हवा.

स्क्रीनवर चौकटी, रेघा किंवा ठिपके दिसणे, म्हणजे बाजारच्या भाषेत ‘आर्टिफॅक्ट’ येणे, हा खरा पेचाचा बिघाड. संशय प्रथम मेमरीवर जातो. आरटीएक्स ३०६० च्या १२ जीबी कार्डावर मेमरीच्या सहा चिप असतात, प्रत्येकी २ जीबीच्या. त्यातली नेमकी कोणती गेली, हे चिप लेव्हल काम करणारा कारागीर चाचणीच्या सॉफ्टवेअरने शोधतो आणि हॉट एअरने ती काढून दुसरी बसवतो. हे जमले तर कार्ड पुन्हा धडधाकट होते. पण हीच लक्षणे मेमरी आणि मुख्य चिपखालचे सोल्डर सुटल्यानेही दिसतात, किंवा मेमरीशी बोलणारा मुख्य चिपमधला भागच गेल्यानेही. या शेवटच्या प्रकारात मेमरी कितीही वेळा बदला, ठिपके जात नाहीत.

डिस्प्लेच येत नसेल तर मल्टिमीटर बरेच काही सांगतो. कार्ड कॉम्प्युटरमधून काढून १२ व्होल्टची वाट आणि ग्राउंड यांच्यामधला रोध मोजावा. तो शून्याजवळ असेल तर शॉर्ट आहे. दोष एखाद्या कपॅसिटरपुरता किंवा मॉस्फेटपुरता असेल तर दुरुस्ती होऊ शकते. मुख्य चिपच्या पुरवठ्याचा रोध मात्र मोठ्या कार्डांत चांगल्या स्थितीतही एक ओहमच्या खाली असतो. नवशिके त्यालाच शॉर्ट समजून चांगली चिप मेलेली ठरवतात. शॉर्टचा संशय असलेले कार्ड स्वतःच्या कॉम्प्युटरमध्ये लावून पाहू नये. चांगला पॉवर सप्लाय अशा वेळी आपोआप बंद होतो, स्वस्तातल्याची खात्री नाही.

फसवणुकीचा एक जुना प्रकार म्हणजे ‘हीट मारलेले’ कार्ड. मेलेल्या चिपला गरम हवा दिली की ती कधी कधी काही दिवस चालते. घरच्या ओव्हनमध्ये कार्ड भाजण्याची युक्तीही याच जातीची. शिसेविरहित सोल्डर साधारण २१७ अंश सेल्सिअसला वितळते. त्याखालच्या तापमानात सांधे नव्याने जुळत नाहीत, हललेला संपर्क तेवढ्यापुरता लागतो. चिपच्या कडेला तपकिरी चिकट फ्लक्स किंवा जवळचे प्लास्टिक वाकलेले दिसले, तर ‘आत्ता चालू आहे’ या शब्दावर जाऊ नये.

दुसरा प्रकार नावच बदलण्याचा. जीटीएस ४५० किंवा जीटीएक्स ५५० टीआय यांसारख्या जुन्या कार्डांचा बायोस बदलून ती जीटीएक्स १०५० टीआय म्हणून विकली गेली आहेत. जीपीयू-झेड हे फुकट सॉफ्टवेअर अशी बरीच कार्डे ‘फेक’ म्हणून ओळखते. सॉफ्टवेअर नसले तरी पोर्ट पाहावेत: खऱ्या १०५० टीआयची चिप अ‍ॅनालॉग सिग्नल देत नाही, म्हणून त्यावर व्हीजीए पोर्ट दिसला की संशय घ्यावा.

क्रिप्टो चलनाच्या मायनिंगला वापरलेले कार्ड म्हणजे जळके कार्ड, हा समज सरसकट खरा नाही. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने ग्राफिक्स कार्डांवरचे मायनिंग संपवले आणि रात्रंदिवस राबलेली असंख्य कार्डे जुन्या बाजारात आली. मायनिंगमध्ये मुख्य चिपचा वीजवापर अनेकदा मुद्दाम कमी ठेवलेला असतो. झिजतो तो पंखा, आणि भाजून निघते ती मेमरी.

हिशेब असा मांडता येतो. समजा, चालू कार्डाचा जुना भाव १५,००० रुपये, बिघडलेल्याचा ६,००० आणि दुरुस्तीचा खर्च ४,००० आहे. दुरुस्ती जमली तर पाच हजार वाचले. फसली तर सहा हजार गेले, शिवाय कारागिराने तपासणीचे घेतले ते वेगळे. यशाची शक्यता निम्मीच असेल तर हा सौदा तोट्याचा आहे. भाव तीन हजारांवर आला, किंवा दोष नक्की पंख्याचाच निघाला, की चित्र पालटते. विकणाऱ्याने दोन-चार दिवसांची चेकिंग वॉरंटी लेखी दिली तरी पालटते.

या आकड्यांत कार्डाचे वयही धरावे लागते. जीटीएक्स ९०० आणि १००० मालिकांसाठी नव्या गेमचे ड्रायव्हर देणे एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ नंतर थांबवले आहे. पुढे या कार्डांना ठरावीक काळ केवळ सुरक्षेचे अपडेट मिळतील. जुने गेम आणि ऑफिसचे काम यांना त्याने फरक पडत नाही, पण अशा कार्डावर मेमरी बदलण्याचा खर्च सहसा वसूल होत नाही.