विश्लेषण : पीटीच्या तासाला सायकल का शिकवायला हवी?

अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन डीसीमधील सरकारी शाळांत २०१५ पासून दुसरीच्या मुलांना शारीरिक शिक्षणाच्या तासाला सायकल शिकवली जाते. आपल्याकडे सायकल शिकणे अजूनही घरावर सोडलेले आहे. कधी वडील कॅरिअर धरून मागे धावतात, कधी मोठ्या भावाच्या सायकलच्या नळीखालून पाय घालून हाफ पायडल मारत मूल शिकते. घरी सायकलच नसलेले मूल मात्र मागे राहते. हा धडा शाळेने घेतला तर काय बदलेल?

वॉशिंग्टनमध्ये नेमके काय होते?

तेथे प्रत्येक मुलाने सायकल आणावी अशी अपेक्षा नसते. शेकडो सायकली आणि हेल्मेट आळीपाळीने शाळाशाळांत पाठवले जातात. काही आठवडे शाळेच्याच आवारात सराव होतो आणि शिकवतात पीटीचे शिक्षक. त्यामुळे पालकांचा खिसा आणि मुलाची संधी यांचा संबंध तुटतो.

आरोग्यासाठी सायकलच का?

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरकस शारीरिक हालचाल करायला हवी. केवळ पीटीच्या तासांत हे गणित बसत नाही. आता शिक्षण हक्काच्या नियमांतील अंतरे पाहा. पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी, असा निकष आहे. ताशी १२ किलोमीटरच्या निवांत वेगाने तीन किलोमीटरला १५ मिनिटे लागतात. म्हणजे जाऊन-येऊन अर्धा तास, दिवसाच्या गरजेचा निम्मा भाग, शाळेच्या वाटेवरच पूर्ण होतो.

सायकलवर शरीराचा बराचसा भार सीटवर असतो. त्यामुळे धावण्यात नेहमी मागे पडणारे स्थूल मूलही सायकलवर जास्त वेळ टिकते. मात्र हाडे बळकट होण्यासाठी उड्या आणि धावणे लागतेच. म्हणून दोरीवरच्या उड्या, लंगडी, खो-खो बंद करून सायकल नको, त्यांच्या जोडीला हवी.

यातून आरोग्याचा धडा कसा शिकवता येतो?

सायकल चालवण्यापूर्वी मुलांनी मनगटावरची नाडी १५ सेकंद मोजायची आणि चारने गुणायचे. मैदानाला चार फेऱ्या मारल्यावर पुन्हा मोजायचे आणि दोन मिनिटांच्या विश्रांतीनंतर तिसऱ्यांदा. तिन्ही आकडे वहीत लिहिले की हृदय कसे काम करते, हे वेगळे सांगावे लागत नाही. दुसरी खूण बोलण्याची. बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, तर व्यायाम मध्यम स्वरूपाचा. दोन-चार शब्दांनंतरच दम लागत असेल, तर जोरकस.

शिकवण्याची सोपी पद्धत कोणती?

आधी तोल, मग पायडल. दोन्ही पायडल काढून टाकायचे आणि दोन्ही तळवे जमिनीवर पूर्ण टेकतील इतकी सीट खाली घ्यायची. मूल पायाने ढकलत पुढे जाते आणि हळूहळू पाय उचलून तरंगायला शिकते. त्यानंतर ब्रेक, वळण आणि शेवटी पायडल. कपड्यांसारखी ‘वाढत्या अंगाची’ सायकल घेणे येथे महागात पडते. पाय टेकत नसेल तर मूल घाबरते आणि पडतेही. चालवण्यापूर्वी हवा, ब्रेक आणि चेन तपासायची सवय पहिल्या दिवसापासून हवी. हेल्मेट कपाळावर, भुवयांच्या वर दोन बोटांवर बसायला हवे.

मग रस्त्यावर कधी?

घाई नको. इंग्लंडमध्ये २००७ पासून सुरू असलेल्या ‘बाइकेबिलिटी’ प्रशिक्षणाचे तीन टप्पे आहेत : आधी मैदान, नंतर कमी वर्दळीचे रस्ते आणि शेवटी गर्दीचे रस्ते. लहान मुलांना येणाऱ्या वाहनाचा वेग आणि अंतर यांचा अंदाज नीट येत नाही. त्यामुळे प्राथमिक वर्गांत सराव मैदानापुरता ठेवणेच योग्य. रस्त्यावर नेताना सोबत मोठे माणूस हवेच.

महाराष्ट्रात हे शक्य आहे का?

मानव विकास कार्यक्रमात १२५ तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकल दिली जाते. म्हणजे सायकल हातात येते तेव्हा मुलगी १३-१४ वर्षांची असते. ती चालवायला शिकवण्याची सोय त्याआधी व्हायला हवी. समग्र शिक्षा अभियानात क्रीडा साहित्यासाठी प्राथमिक शाळेला वर्षाला पाच हजार, तर उच्च प्राथमिक शाळेला दहा हजार रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. एवढ्यात एका शाळेला पुरेशा सायकली घेता येणार नाहीत. पण जिल्हा परिषदेच्या एका केंद्रात अनेक शाळा असतात. केंद्राने १५ सायकलींचा एक संच घेऊन प्रत्येक शाळेला तीन-तीन आठवडे दिला, तर वर्षभरात बहुतेक शाळांची पाळी येऊ शकते. गावातल्या सायकल दुकानदाराकडून दुरुस्ती आणि घरी पडून असलेल्या लहान सायकली मिळाल्या, तर खर्च आणखी कमी होईल. सुरुवात करायला शाळेचे मैदान आणि चार-पाच सायकलीही पुरेशा आहेत.