कूलंट बदलल्यानंतर गाडी का तापते?

गॅरेजमधून कूलंट बदलून आणलेली गाडी गावातल्या गावात व्यवस्थित चालते. मात्र पेडण्यातील मालपेचा चढ लागला किंवा साखळीहून निघून चोर्ला घाटाची वळणे सुरू झाली, की तापमानाचा काटा मध्यावरून वर सरकू लागतो. आजवर कधीही न तापलेली गाडी देखभाल करून घेतल्यावरच तापू लागल्याने वाहनधारक गोंधळतो. कोणी हेड गॅस्केट गेल्याचे सांगतो, कोणी वॉटर पंप बदलण्याचा सल्ला देतो. वास्तविक अशा वेळी पहिला संशय घ्यायचा तो आत अडकलेल्या हवेचा.

रेडिएटरच्या तळाशी असलेला बूच उघडला म्हणजे सगळे जुने कूलंट बाहेर पडते, असा समज आहे. प्रत्यक्षात इंजिनाच्या पोटातील आणि हीटरच्या नळ्यांतील बराचसा भाग आतच राहतो. नवे कूलंट वरून भराभर ओतले, की थर्मोस्टॅटच्या मागे किंवा हीटरच्या नळीत हवेचा फुगा अडकतो. वॉटर पंप द्रव ढकलण्यासाठी असतो, हवा ढकलणे त्याला जमत नाही. त्यामुळे कूलंटचे फिरणे मंदावते आणि इंजिनाचा तेवढा भाग तापत राहतो. तापमान मोजणारा सेन्सरच हवेच्या फुग्यात सापडला तर काटा खालीवर नाचतो, कधी इंजिन तापूनही तो थंडच दाखवतो. डॅशबोर्डमागून पाणी खळखळल्यासारखा आवाज येणे आणि हीटर लावूनही गार हवाच येणे, ही या दोषाची ठळक लक्षणे होत.

यावर एक साधी कसोटी आहे, पण ती फार थोड्या ठिकाणी पाळली जाते. बाहेर काढलेले कूलंट मोजावे आणि आत गेलेलेही मोजावे. तीन लिटर निघाले आणि दोनच लिटर मावले, तर उरलेल्या एका लिटरच्या जागी हवा आहे हे निश्चित.

ही हवा काढण्यासाठी इंजिन पूर्ण थंड असताना गाडी तोंड वर करून चढावर उभी करावी. रेडिएटरचे झाकण उघडून कूलंट सावकाश भरावे, हीटर असल्यास तो सर्वांत गरम स्थितीत ठेवावा आणि इंजिन सुरू करावे. वरचा होज पाइप अधूनमधून हाताने दाबल्यास बुडबुडे सुटण्यास मदत होते. मात्र हात फिरत्या पंख्यापासून आणि पट्ट्यापासून दूर असावा. साधारण ८२ ते ८८ अंश सेल्सिअसला थर्मोस्टॅट उघडतो. त्या क्षणी कूलंटची पातळी एकदम खाली जाते. तेवढी भर घालून बुडबुडे थांबले, की झाकण लावावे. काही गाड्यांना हवा सोडण्यासाठी वेगळा स्क्रू असतो. ज्या गाड्यांच्या रेडिएटरला झाकणच नसते, त्यांच्या बाबतीत कंपनीच्या पुस्तिकेतील पद्धतच वापरावी. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनावर पातळी पुन्हा पाहावी. ती थोडी उतरली असल्यास काळजीचे कारण नाही. रोज उतरत असेल, तर बूच, होज पाइपचे क्लॅम्प आणि वॉटर पंपाखालची जागा ओली आहे का, ते तपासावे.

गरम इंजिनाचे झाकण मात्र कदापि उघडू नये. निम्मे पाणी आणि निम्मे कूलंट हे मिश्रण उघड्यावर सुमारे १०७ अंशांना उकळते, पण झाकणाच्या दाबामुळे बंद यंत्रणेत ते १२० अंशांपुढेही द्रवरूपच राहते. झाकण सैल होताच दाब नाहीसा होतो आणि उकळता फवारा तोंडावर येतो. काटा लाल रेषेला टेकला तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे आणि तासभर थांबावे. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतल्याने ॲल्युमिनियमचे हेड वाकू शकते किंवा त्याला तडा जाऊ शकतो.

हवा काढूनही त्रास कायम राहिला, तर गाडी नेमकी केव्हा तापते याकडे लक्ष द्यावे. शिरगावच्या लईराईच्या जत्रेला जाताना रांगेत सरकताना तापते आणि मोकळ्या महामार्गावर थंड राहते, तर दोष बहुधा पंख्यात असतो. अनेकदा काम करताना काढलेला पंख्याचा कनेक्टर परत जोडायचाच राहून गेलेला असतो. बहुतेक गाड्यांत एसी लावल्यावर पंखा फिरू लागतो. तो फिरला नाही तर कनेक्टर, फ्यूज आणि रिले पाहावेत. याउलट रांगेत ठीक असलेली गाडी चढावर किंवा वेगात तापत असेल, तर थर्मोस्टॅट अडकलेला किंवा रेडिएटर तुंबलेला असू शकतो.

डिचोलीच्या खाणपट्ट्यातील वाहनधारकांनी तर रेडिएटर बाहेरूनही पाहावा. रस्त्यावरची लाल धूळ त्याच्या बारीक पात्यांत बसते आणि पावसाळ्यात तिचा लेप होतो. मंद धारेने, इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला पाणी मारून ती काढावी; जोरदार फवाऱ्याने पाती वाकतात.

गोव्यात बर्फ पडत नाही, मग कूलंट हवे कशाला, विहिरीचे पाणी चालते, हा युक्तिवाद आजही ऐकू येतो. कूलंटचे काम केवळ गोठणे टाळण्याचे नाही. ते उत्कलनबिंदू वाढवते आणि धातूला गंजण्यापासून वाचवते. मोरजी-हरमलसारख्या किनारी भागातील मचूळ पाण्यातील क्षार ॲल्युमिनियमला खातात. म्हणून मिश्रणासाठी डिस्टिल्ड पाणीच घ्यावे. बाटलीवर तयार मिश्रण असे लिहिले असल्यास त्यात पाणी घालू नये. रंगावर विसंबून दोन प्रकारची कूलंट एकत्र करणेही चुकीचे, कारण हिरवा, लाल किंवा निळा हा रंग उत्पादकाच्या मर्जीचा असतो.

हेड गॅस्केटचा विचार सर्वांत शेवटी करावा. एक्झॉस्टमधून सतत गोडसर वासाचा पांढरा धूर येणे, इंजिन ऑइल दुधाळ होणे, इंजिन सुरू करताच होज पाइप दगडासारखे कडक होणे आणि कितीही वेळ गेला तरी बुडबुडे न थांबणे, ही त्याची चिन्हे. ती दिसल्यास गाडी चालवत न नेता टो करून न्यावी.

राहता राहिले जुने कूलंट. त्यातील इथिलीन ग्लायकॉल विषारी असून चवीला गोड असते, त्यामुळे कुत्री, मांजरे आणि गुरे ते चाटतात. थोडेसेही त्यांच्या जिवावर बेतते. ते गटारात, ओहोळात किंवा अंगणात न ओतता झाकणबंद कॅनमध्ये भरून, जुने ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजकडे द्यावे.