१७० मिलिसेकंदांचा ‘दा’

डोळ्याच्या पडद्यावर प्रकाश टिपणाऱ्या पेशी बारा कोटींच्या घरात असतात. कानातल्या, मेंदूकडे आवाज पोचवण्याचं मुख्य काम करणाऱ्या केसपेशी मात्र जेमतेम ३,५००. एवढ्याशा बळावर आपण एखादा आवाज उजव्या आणि डाव्या कानात पोचण्यातलं सेकंदाच्या लाखाव्या भागाचं अंतरही ओळखू शकतो. आवाज कुठून आला हे कळतं ते त्यावरून.

अशा कानाला वर्षानुवर्षं रियाज घडला तर? शिकागोजवळच्या इव्हान्स्टनमध्ये, नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात, नीना क्राउस यांच्या प्रयोगशाळेनं हा प्रश्न धरून ठेवला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ३१ जण होते, १६ संगीतकार आणि १५ इतर. त्यांना १७० मिलिसेकंदांचा ‘दा’ ऐकवला, कधी शांततेत, कधी माणसांच्या गलक्यात, आणि तोही हजारो वेळा. कारण डोक्यावरच्या इलेक्ट्रोडपर्यंत पोचणारा, मेंदूच्या तळाशी असलेल्या मस्तिष्कस्तंभाचा प्रतिसाद व्होल्टच्या दहा लाखाव्या भागाहूनही क्षीण असतो. एका ‘दा’त तो सापडतच नाही. हजारोंची सरासरी काढावी तेव्हा मेंदूतली बाकीची खळबळ आपसात खोडली जाते आणि तो वर येतो. गलक्यात संगीतकारांचा प्रतिसाद कमी बिघडला होता. संगीतशिक्षणाच्या बाजूनं हा निष्कर्ष पुढे वारंवार सांगितला गेला.

पण एवढ्या मोठ्या दाव्याला ३१ माणसं फार थोडी. केली व्हाइटफर्ड, अँड्र्यू ऑक्सनहॅम आणि सहकाऱ्यांनी कसोट्या आधीच जाहीर करून, अनेक केंद्रांवर मिळून २६०हून अधिक जणांवर हा आणि असे आधीचे प्रयोग पुन्हा केले. २०२५ साली निकाल छापून आला. जुना एकही मुख्य निष्कर्ष टिकला नाही. मस्तिष्कस्तंभाच्या पातळीवर रियाजाची खूण दिसली नाही. मेंदूच्या वरच्या थरांचा प्रश्न वेगळा. मला हा निकाल निराशेचा वाटत नाही. मुलाला गाणं शिकवायला ‘गलक्यातलं बोलणं नीट ऐकू येईल’ असं कारण पुढे करावं लागू नये.

आणि रियाजी कान तयार असतो, हे खरंच आहे. ऑक्सनहॅम सहलेखक असलेल्या २००६च्या अभ्यासात संगीतकारांनी स्वरातला जो सूक्ष्म फरक ओळखला, तो इतरांना ओळखू येणाऱ्या फरकाच्या सहाव्या हिश्श्याहूनही लहान होता. मग संगीत न शिकलेल्यांना फक्त तो फरक ओळखण्याचा सराव दिला. संगीतकारांच्या गाठीशी दहाहून अधिक वर्षं होती. त्यांच्या सुरुवातीच्या पातळीला पोचायला या मंडळींना चार ते आठ तास लागले.