नदीपासून दलदलीपर्यंत : कोलकात्याची एक अपरिचित वाट

कोलकात्यास प्रथमच येणारा प्रवासी बहुधा ठरलेल्या वाटेनेच हिंडतो. व्हिक्टोरिया स्मारक, भारतीय संग्रहालय, हावडा पूल, कालीघाट, दक्षिणेश्वर आणि बेलूर मठ एवढी स्थळे पाहून झाली की नगरदर्शन पुरे झाले, असे त्यास वाटते. ही स्थळे पाहण्याजोगी आहेत, यात शंका नाही. परंतु या नगरावर कोणी राज्य केले आणि येथील लोकांनी कोणाची उपासना केली, एवढेच त्यांवरून कळते. हे नगर जगते कसे, हे समजून घ्यावयाचे असेल तर पश्चिमेकडील हुगळी नदीपासून निघून पूर्वेकडील दलदलीपर्यंत जावे लागते.

याच दिशेने का जावयाचे, याचे उत्तर भूरचनेत आहे. पुराच्या वेळी नदी काठाबाहेर पसरते, तेव्हा तिच्यातील जड गाळ काठालगतच बसतो. अशा रीतीने शतकानुशतके काठाची जमीन उंचावत गेली आणि त्या उंचवट्यावर सुतानुटी, कलिकाता व गोविंदपूर ही तीन गावे वसली. पुढे त्यांचेच महानगर झाले. नदीपासून जसजसे दूर जावे, तसतशी जमीन खाली उतरत जाते. म्हणून येथील पाण्याचा स्वाभाविक ओघ नदीकडे नसून तिच्या उलट दिशेस, पूर्वेकडे आहे. चालणाऱ्याच्या पायांना हा उतार जाणवत नाही. पण नगराचा बराचसा इतिहास त्यानेच घडविला आहे.

आरंभ उत्तर कोलकात्यातील कुमारटुली या मूर्तिकारांच्या वस्तीपासून करावा. शोभाबाजारच्या जवळच ही वस्ती आहे. पावसाळ्याच्या अखेरीस येथील अरुंद गल्ल्यांत दुर्गेच्या मूर्ती दाटीने उभ्या असतात. बांबू व लाकूड यांच्या सांगाड्यावर पेंढा बांधून देहाचा आकार दिला जातो. त्यावर प्रथम चिकट मातीचा व नंतर मऊ, बारीक मातीचा लेप चढतो. ही माती नदीमार्गे नावांतून येते. पूजा आटोपल्यावर मूर्ती पुन्हा नदीतच विसर्जित होतात. नदीने आणलेल्या गाळावर उभे राहिलेले हे नगर त्याच गाळातून आपली देवता घडविते.

येथून उत्तरेस बागबाजारकडे वळले असता ‘मराठा डिच लेन’ ही गल्ली लागते. डिच म्हणजे खंदक. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून आल्या, तेव्हा घाबरलेल्या रहिवाशांनी १७४२ मध्ये नगराच्या पूर्व बाजूने हा खंदक खणावयास घेतला. सात मैलांचा संकल्प होता, परंतु सुमारे तीन मैल खणून काम थांबले. मराठ्यांची फौज खंदकापर्यंत आलीच नाही. मात्र ‘बर्गी’, म्हणजे मराठा बारगीर, बंगाली अंगाईगीतांत कायमचे राहिले. पुढे १७९९ मध्ये खंदक बुजवून त्यावर सर्क्युलर रोड बांधण्यात आला. आचार्य प्रफुल्लचंद्र राय आणि आचार्य जगदीशचंद्र बसू या दोन शास्त्रज्ञांची नावे आज त्याच्या दोन भागांस आहेत. दीर्घकाळ हीच नगराची पूर्वसीमा होती.

या सीमेपलीकडे खाऱ्या पाण्याची सरोवरे व दलदली पसरलेल्या होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विल्यम क्लार्क या अभियंत्याच्या योजनेनुसार भूमिगत गटारे बांधली गेली आणि नगराचे सांडपाणी हुगळीऐवजी पूर्वेकडे नेण्यात आले. तेथून ते विद्याधरी नदीत पडत असे. परंतु नदी गाळाने भरत गेली आणि १९२८ मध्ये ती मृत झाल्याचे अधिकृतपणे घोषित करण्यात आले. भरतीचे खारे पाणी येणे बंद पडल्यामुळे सरोवरांचे स्वरूप पालटले. तेव्हा तेथील मत्स्यपालकांनी नगराचे सांडपाणी आपल्या तळ्यांत घेऊन मासे वाढविण्याची रीत विकसित केली. या तळ्यांना ‘भेरी’ म्हणतात.

भेरीचे कार्य समजण्यास कठीण नाही. तळे उथळ असल्यामुळे ऊन बहुतांशी तळापर्यंत पोहोचते. सांडपाण्यातील घाण जिवाणू कुजवितात. त्यातून निघालेल्या पोषक द्रव्यांवर सूक्ष्म शेवाळ वाढते आणि उन्हाच्या साहाय्याने प्राणवायू सोडते. हाच प्राणवायू जिवाणूंच्या व माशांच्या उपयोगी पडतो. मासे शेवाळ खातात, त्यामुळे ते अतोनात माजत नाही. काठाने राखलेली जलपर्णी लाटांपासून बांधाचे रक्षण करते. सांडपाणी केव्हा व किती घ्यावे, हे मत्स्यपालक पाण्याच्या रंगावरून व वासावरून ठरवितो. निवळलेले पाणी पुढे भातशेतीस दिले जाते, तर जवळच्या धापा भागात नगराच्या कचऱ्यावर तयार झालेल्या जमिनीत भाजीपाला पिकतो. जे नगराने टाकून दिले, तेच मासे व भाजी होऊन नगराच्या बाजारात परत येते.

या व्यवस्थेचे मोल जगापुढे मांडण्याचे श्रेय मुख्यतः ध्रुवज्योती घोष या अभियंत्याकडे जाते. नगराच्या सांडपाण्याचे पुढे काय होते, याचा शोध घेत १९८० नंतरच्या वर्षांत ते येथे आले आणि मत्स्यपालकांकडूनच ही विद्या शिकले. त्यापूर्वीच, १९६० नंतरच्या दशकात, हुगळीचा गाळ नळांवाटे आणून सरोवरांचा उत्तरेकडील भाग बुजविण्यात आला होता आणि त्यावर सॉल्ट लेक हे उपनगर उभे राहिले होते. उरलेली भूमीही त्याच मार्गाने जाईल, या भयाने नागरिकांची एक संस्था उच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने १९९२ मध्ये या क्षेत्राचा उपयोग बदलण्यास मनाई केली. २००२ मध्ये सुमारे १२,५०० हेक्टर क्षेत्राचा समावेश रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ भूमींत झाला आणि २००६ मध्ये त्याच्या संरक्षणार्थ राज्याचा स्वतंत्र कायदा झाला. ध्रुवज्योती घोष २०१८ मध्ये निवर्तले.

तथापि कायद्याने भूमी आपोआप सुरक्षित होत नाही. नगराच्या कडेच्या जमिनीचा भाव वाढत जातो. एखादी भेरी गुपचूप बुजविली जाते आणि तिच्या जागी घरे उठतात. भेरी गेली म्हणजे केवळ मासे जातात, असे नव्हे. सांडपाणी शुद्ध करण्यासाठी नगराला खर्चिक यंत्रणा उभारावी लागेल. पावसाचे पाणी सामावून घेणारी जागा कमी होईल, आणि हजारो कुटुंबांची उपजीविका बुडेल.

ईस्टर्न मेट्रोपॉलिटन बायपासवरील सायन्स सिटी पाहण्यास पुष्कळ प्रवासी येतात आणि तेथूनच परततात. त्यांनी तसेच थोडे पूर्वेस जावे. हिवाळ्यातील सकाळ यासाठी उत्तम. गजबजलेला रस्ता मागे पडताच दूरवर पाणी दिसू लागते. कोठे जाळे ओढले जात असते, कोठे बांधाची डागडुजी चाललेली असते. येथे तिकीटघर नाही आणि माहितीचा फलकही क्वचितच आढळेल. परंतु सकाळी भोजनगृहात आपण जे पाणी सांडले, ते कोठे जाते, हे येथे उभे राहिल्यावर प्रत्यक्ष दिसते.